उलट्या तोंडाची टोपली

पंप बंद पडला की गिऱ्हाइकाचा पहिला संशय विजेवर जातो, दुसरा मिस्त्रीवर, आणि बेडकावर तर कधीच जात नाही. माझा अनुभव विचाराल तर हा क्रम सरळ उलटा करून टाका. जव्हारच्या बाजारात माझं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आता ते पुतण्या बघतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो, त्याच्या कामात नाक खुपसतो, आणि तो बिचारा 'हो काका, हो काका' करत आपल्याला हवं तेच करतो. जव्हार-मोखाड्यातल्या बहुतेक विहिरी, तळी आणि डबकी मी वरून पाहिलेली आहेत, काहींत उतरलोही आहे. त्यामुळे पाण्यात कोण कोण राहतं याची माझी ओळख जरा जास्त आहे.

ज्यांचा पंपाशी संबंध बटण दाबण्यापुरता, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काठावरच्या पंपाचा एक पाइप पाण्यात सोडलेला असतो. त्या पाइपच्या टोकाला एक झडप बसवतात. तिचं कंपनीच्या कागदावरचं नाव फूटव्हॉल्व्ह, पण आमच्याकडे शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळे तिला फुटबॉलच म्हणतात. मीही म्हणतो. ती पाणी आत घेते आणि खाली परत जाऊ देत नाही. तिच्या अंगाला भोकं असतात, चांगली बोट जाईल एवढी. पंपाला डोळे नाहीत आणि चवही नाही. भोकाशी जे येईल ते तो ओढतो. पाणी आलं तर पाणी, पाला आला तर पाला, पिलू आलं तर पिलू.

जामसरच्या बाजूला एक गुरुजी होते. त्यांनी शेततळ्यावर मोटार बसवली आणि एक दिवस दुकानात येऊन भरल्या गळ्यानं जाहीर केलं, "मोटार गेली." जणू घरातलं माणूस गेलं! मी जाऊन पंप उघडला, तर आतल्या पंख्यात बेडूक. गुरुजी माझ्यावरच उखडले. "आत गेलाच कसा? मी जाळी लावलीय!" लावली होती खरी, पण त्या जाळीतून गुरुजींचा स्वतःचा हात मनगटापर्यंत गेला. मी नुसता हात बघत राहिलो. मग गुरुजी एकदम मऊ झाले आणि हळूच म्हणाले, "त्याला फार लागलं असेल का हो?" इतकी वर्षं पंप उघडतोय, पण हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मलाही सुचला नव्हता.

दुसरे एक साहेब, ठाण्याचे. दाभोश्याच्या रस्त्याला बंगला बांधला, अंगणात सिमेंटचं छोटं तळं केलं, त्यात रंगीत मासे सोडले आणि पाणी स्वच्छ राहावं म्हणून फिल्टर बसवला. माशांना पिल्लं व्हायची आणि दोन-चार दिवसांत नाहीशी व्हायची. साहेबांचा आधी संशय खंड्या पक्ष्यावर. तळ्यावर दोरे ताणून झाले. मग संशय माळ्याच्या मांजरावर. ते बिचारं पोत्यात घालून लांब सोडून आले. मला बोलावलं ते फिल्टर आवाज करतो म्हणून. मी पेटीचं झाकण काढलं, वरचा स्पंज उचलला, आणि खाली बघतो तर सगळी बाळं तिथं! अंधारात, खाऊनपिऊन टुमटुमीत. पाण्याबरोबर ओढली गेली होती आणि फिल्टरातच संसार थाटून बसली होती. साहेब भारी विजार घालून ओल्या फरशीवर उकिडवे बसले आणि चहाच्या गाळणीनं एकेक पिल्लू काढायला लागले. मी पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंजाची टोपी चढवली, काम संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मांजर मात्र आपल्या पायांनी परत आलं आणि नंतर साहेबांकडे ढुंकूनही बघत नव्हतं म्हणे.

अशा गोष्टी सांगत बसलो तर अख्खा अंक मलाच लागेल. पण मला लिहायचं आहे ते सूर्यमाळच्या पुढच्या एका पाड्याबद्दल. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि पुढेही बोलावीत अशी माझी इच्छा आहे.

चैत्रातली सकाळ. फोन आला. पाड्यावर पाण्याचं काम बघणारा पांडू. पाणी समितीचा अध्यक्ष वगैरे तोच, पण सगळे त्याला पांडूभाऊ म्हणतात. आवाज पार चढलेला.

"मिस्त्री, लवकर या. जाईबाई फुटबॉल घेऊन बसलीय, देत नाय."

"कुठं बसलीय?"

"तळ्याच्या काठाला. मांडीवर घेऊन!"

मी म्हटलं, आता बोला. आयुष्यात लोकांनी मोटारी पळवलेल्या पाहिल्या, केबल कापून नेलेली पाहिली, पण फुटबॉल मांडीवर घेऊन बसलेली बाई पाहिली नव्हती. हत्यारांची पिशवी उचलली आणि जीप धरली.

त्या पाड्याची गोष्ट अशी. दिवाळी झाली की तिथली घरं वीटभट्टीवर जायची. भिवंडी, वसई, जिथं मुकादम नेईल तिथं. दाराला काटेरी फांदी लावायची, म्हातारी माणसं मागे ठेवायची आणि पोराबाळांसकट ट्रकमध्ये चढायचं. परतायचं पावसाच्या तोंडावर. जाईबाईनं त्यात पहिल्यांदा खोडा घातला. तिनं बायकांचा गट केला आणि पाड्याखालच्या तळ्यात मत्स्यबीज वाढवायचं ठरवलं. मासे मोठे करून विकायचे नाहीत, तर पिल्लं वाढवून ज्यांची शेततळी आहेत त्यांना द्यायची. अगदी नुकतं जन्मलेलं माशाचं पिल्लू जिऱ्याएवढं असतं, त्याला म्हणतातच जिरे. ते बोटाएवढं झालं की बोटुकली. जिऱ्याचं बोटुकली होईपर्यंत जपायचं, एवढंच काम. पण 'एवढंच' म्हणताना आई झालेल्या कुठल्याही बाईला हसू येईल.

होळीच्या सुमाराला त्यांनी सायप्रिनसचं जिरं आणून सोडलं. तो मासा उन्हाळ्याच्या आधी पिल्लं देतो. आणि त्यासाठी गटातल्या बायकांची घरं त्या साली दिवाळीलाच भट्टीवर गेली नव्हती. बाकीचा पाडा गेला होता, पांडू तेवढा पाण्याच्या कामासाठी मागे राहिला. जाताना लोक म्हणाले, राहा, मासं राखा, वैशाखात आम्हाला शोधत याल. म्हणजे पिल्लं वाचली तर ही घरं पाड्यावर राहणार, आणि मेली तर पुढच्या दिवाळीला जाईबाई स्वतः पोरांची दप्तरं बाजूला ठेवून ट्रकमध्ये चढणार. इतकं सरळ होतं सगळं.

चैत्रात विहिरीनं तळ गाठला. सूर्यमाळच्या बाजूला हे दर वर्षीचं. पांडूभाऊनं विचार केला की तळ्यात पाणी आहे, सौर पंप आहे, पाइप टाकून पाणी विहिरीत सोडू. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणसांना प्यायला पाहिजे. फक्त त्यानं जाईबाईला विचारलं नाही. ती विहिरीवर गेली, दोर सोडून पाणी काढलं, आणि हंड्यात बघते तो काय! तिचीच पिल्लं. निम्मी पोट वर करून तरंगणारी, निम्मी अजून वळवळणारी. तिनं जिवंत होती ती पदरात गाळून घेतली, पळत जाऊन तळ्यात सोडली. पांडूनं घाईघाईनं फुटबॉलला मच्छरदाणीचा तुकडा बांधून परत पंप चालू केला. थोड्या वेळात पंप ठसकायला लागला, पाणी बंद. तेव्हा जाईबाईनं पाइप ओढून फुटबॉल वर काढला आणि मांडीवर घेऊन बसली.

मी पोचलो तेव्हा ती तशीच बसलेली. लुगड्याला शेवाळ लागलेलं. मच्छरदाणीच्या तुकड्याला पिल्लं चिकटलेली होती, भाताच्या शितांसारखी. एकेक काढून ती तळहातावर ठेवत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"जाईबाई," मी म्हटलं, "तो फुटबॉल दे बघू. बघतो मी काय होतंय."

"दादा, तुमी पन पांडूचंच मानूस."

"मी कुणाचा माणूस नाही. मी पंपाचा माणूस."

"मंग पंपाला सांगा," ती म्हणाली, "पानी घे. सगला घे, मी नाय बोलत नाय. मी पन पिते ना तां पानी? पन माझी पोरां नको घेऊ."

पांडूभाऊ मागून म्हणाला, "म्हंजे मी काय राक्षस हाये? माझी आय तहानेली हाये घरात."

दोघंही खरं बोलत होते, हीच तर डोक्याला ताप. भांडणात एक जण खोटा असला की मिस्त्रीचं काम सोपं होतं.

मी दोघांना सावलीला बसवलं आणि धंद्यातली गोष्ट समजावली. आमच्याकडे बोहाडा असतो, देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव. बोहाडा सुटला की मोकळ्या माळावरून माणसं गप्पा मारत घरी जातात, कुणाला धक्का लागत नाही. पण तीच गर्दी एका बोळातून काढली तर लेकरं चेंगरतात. माणसं तेवढीच, वाट अरुंद. फुटबॉलला घट्ट जाळी बांधली की तसंच होतं. सगळं पाणी हातभर जागेतून घुसतं, ओढ जबरदस्त लागते, पिल्लू तिथं आलं की चिकटलं, सुटका नाही. जाळी भरली की पंपाचाही श्वास कोंडतो. पण फुटबॉलच्या चारी बाजूंनी चांगला ऐसपैस पिंजरा केला, तर तेवढंच पाणी मोठ्या अंगातून सावकाश येईल. एवढी हळू ओढ असेल की पिल्लू शेपटी हलवून निघून जाईल.

"पिंजरा कुठून आनायचा?" पांडू म्हणाला.

जाईबाईनं हात वर करून टेकाडाकडे दाखवलं. "बुधामामा."

बुधामामा म्हणजे पाड्यातला डोकरा, म्हातारा माणूस, बांबूच्या कामात सगळ्यांत वरचढ. ओहोळात पाण्याच्या धारेला लावून मासे धरायच्या टोपल्या त्याच्याच हातच्या. मी त्याला काय पाहिजे ते हातांनी दाखवलं. माणूस आत बसेल एवढी मोठी, पिल्लू जाणार नाही एवढी दाट, आणि पाइप आत जायला एका बाजूला तोंड. बुधामामानं ऐकलं, मान हलवली, 'कललं' म्हणाला आणि कोयता घेऊन बांबू तोडायला निघाला. मला वाटलं दोन-चार दिवस लावेल. दुसऱ्या दिवशी दुपारी टोपली तयार! आणि काय टोपली म्हणता, लग्नातल्या रुखवतात ठेवावी अशी. मी सगळीकडून हात फिरवला, काड्यांत फट सारखी, कुठं खोड काढायला जागा नाही. तोंडातून पाइप सारला, फुटबॉल बरोबर मधोमध बसवला, दगड बांधून टोपली तळ्याच्या खोल भागात सोडली. पिल्लं सहसा काठाच्या उथळ पाण्यात असतात, म्हणून मुद्दाम आत. पंप सुरू केला. पाणी स्वच्छ. विहिरीवर एक पिल्लू आलं नाही. पांडूभाऊनं मला जीपपर्यंत सोडलं आणि वर भाकरी बांधून दिली. मी रुबाबात घरी आलो.

दुसऱ्या सकाळी फोन जाईबाईचा. "दादा, टोपली बघाया या."

"का, पंप बंद पडला?"

"पंप बरा हाये. टोपली भरली."

गेलो. टोपली काठाला आणली होती, अर्धी पाण्यात. आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. तळ्यातली निम्मी पिल्लं तिच्यात! बाहेर मोकळं तळं पडलंय आणि ही सगळी आत दाटीवाटीनं, फुटबॉलच्या भोवती. जाईबाईनं पहाटेच पाहिलं म्हणून पंप चालू व्हायच्या आत सगळी वाचली. सूर्य वर आला असता तर पंपानं त्यांचा घासच घेतला असता. फट तर दाट होती. मग आली कुठून?

बुधामामा शेजारी उकिडवा बसला होता, विडी तोंडात, पण पेटवायचं भान नाही. त्यानं टोपलीच्या तोंडाकडे बोट केलं.

पाइपला तोंड हवं म्हणून मी सांगितलं होतं. आणि बुधामामाच्या हातांना एकच तोंड माहीत! मासे धरायच्या टोपलीला तोंड कसं असतं, तर नरसाळ्यासारखं आत वळलेलं, टोकाला काड्या मोकळ्या आणि लवचीक. मासा सहज आत जातो, पण परत येताना काड्यांची टोकं त्याच्या नाकाला टोचतात, वाट सापडत नाही. बापजाद्यांपासून या हातांनी मासे धरायचीच टोपली विणली. मासे बाहेर ठेवायची टोपली आजवर कोणी मागितलीच नव्हती. मीही हात फिरवला आणि तोंडाकडे बघितलं नाही, कारण मलाही तोंड असंच असतं हे लहानपणापासून माहीत. पाइपच्या कडेनं राहिलेल्या फटीतून पिल्लं आडोसा बघून गेली आणि आत अडकली.

"मामा," जाईबाई म्हणाली, "मी तुला पोरां राखाया सांगितली. तू सगली धरलीस."

बुधामामानं एकदा टोपलीकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे. मग असा हसत सुटला की विडी पाण्यात पडली. "माझा काय दोष? हात आयकत नाय माझा! हाताला वाटला, आज लय मोठी मेजवानी हाये." पांडूभाऊ हसायला लागला, जाईबाई हसायला लागली. त्या दोघांना एकत्र हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मीही हसलो, पण थोडक्यात बचावलो होतो. या टोपलीच्या नादात तळंच रिकामं झालं असतं.

मी म्हटलं, तोंड काढून टाकू, पाइपभोवती कापड गुंडाळून बंद करू. बुधामामानं मान हलवली. "काढायचा कशाला? फिरवू."

त्यानं नरसाळं सोडवलं आणि उलटं बसवलं. निमुळतं टोक बाहेर, रुंद भाग आत. मी बघतच राहिलो. आता बाहेरच्या पिल्लाला काड्यांची टोकं आडवी येणार, ते आत जाणार नाही. आणि चुकून एखादं आत गेलंच, तर आतून रुंद वाट त्याला सरळ बाहेर काढणार. म्हणजे अडवणारी पण तीच आणि सोडवणारी पण तीच. मी इतकी वर्षं झडपा बसवतोय. झडप म्हणजे दुसरं काय असतं? एका बाजूनं येऊ द्यायचं, दुसऱ्या बाजूनं नाही. डोकरा बांबूची झडप बनवत होता, फक्त आजवर उलट्या बाजूनं. मला इतका आनंद झाला की मी त्याला माझं विड्यांचं नवं बंडल, काडेपेटीसकट, देऊन टाकलं.

त्या टोपलीवर आम्ही बाहेरून मच्छरदाणी ताणली. गटातल्या बायका पाळीपाळीनं ती रोज सकाळी काढून झाडायच्या, कारण शेवाळ धरलं की ओढ वाढते. पंप ऊन चांगलं वर आल्यावरच लावायचा असं ठरलं, म्हणजे जाळी धुऊन, बघून मगच. पाणी विहिरीत जात राहिलं. पिल्लं तळ्यात वाढत राहिली. ही गोष्ट इथंच संपली असती तर मी पितळी फ्रेम करून दुकानात लावली असती.

पण वैशाख सरला आणि तळं खाली जायला लागलं. पिल्लांना ठरावीक खोली लागते, नाहीतर पाणी तापतं आणि तीच शिजतात. कुठवर ओढायचं? पांडू म्हणे अजून थोडं, जाईबाई म्हणे बस झालं, आणि पुन्हा आवाज चढायला लागले. हा वाद बुधामामानंच मिटवला. त्यानं सागाची मेढ तळ्यात ठोकली. जाईबाई आणि पांडूला दोन्ही बाजूंना उभं केलं, कुठल्या खुणेपर्यंत पाणी उतरू द्यायचं ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं, आणि त्या खुणेला शेंदूर फासला. आमच्याकडे वेशीवरच्या वाघदेवाला फासतात तसा. नारळ फोडला आणि म्हणाला, "आता ह्यो देवाचा. याच्या खाली पंप नाय." झालं. कुठल्याही ठरावावर सह्या झाल्या असत्या तरी एवढं वजन आलं नसतं.

पाणी शेंदराला टेकलं त्या दिवशी मी योगायोगानं तिथं होतो. केबल बदलायला गेलो होतो. पाऊस कुठं दिसत नव्हता. भट्टीवरून माणसं परतायला लागली होती, म्हणजे पिणारी तोंडं वाढलेली. विहिरीवर बायका हंडे लावून बसलेल्या. सगळ्यांचे डोळे तळ्याकडे आणि पांडूकडे. भट्टीवरून आलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "मासं मोठं का मानसां?"

मग जाईबाईच पुढे आली. चेहरा ओढलेला. पांडूला म्हणाली, "भाऊ, लाव पंप. मानसां आधी. माझी पोरां जाऊंदे."

मला वाटलं, संपलं. मी हातातली पकड खाली ठेवली.

पांडूभाऊ मेढीकडे बघत उभा राहिला. हा माणूस चैत्रात हिला शिव्या घालत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. तो पंपापाशी गेला, आणि चालू करायच्या ऐवजी त्यानं बटणाची पेटीच बंद करून कुलूप लावलं.

"मी बोललोय देवासमोर," तो म्हणाला. "तू लाव म्हनलीस तरी मी बोललोय. खालच्या झऱ्यावरनं आनू."

खालचा झरा म्हणजे दरीत. उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना छाती. पांडूनं घरात जाऊन कावड आणली, खांद्यावर घेतली आणि वाट धरली. सूर्यमाळच्या बाजूला पुरुष पाणी आणायला जाताना मी फार पाहिलेले नाहीत. बायका आधी बघत राहिल्या, मग एक फिसकन हसली. "पांडूभाऊ, लचकशील!" "लचकलो तर तू उचल!" तो म्हणाला. आणि त्याच्या मागून, खरं सांगतो, तो 'मासं मोठं का मानसां' विचारणारासुद्धा दोन डबे घेऊन निघाला. मी मिस्त्री, माझं तिथं काही काम नव्हतं. पण मोकळ्या हातांनी जीपमध्ये बसायची लाज वाटली. एक कळशी मीही आणली. माझे गुडघे अजून त्याची आठवण काढतात.

पाऊस लागेपर्यंत पाड्यानं झऱ्याचं पाणी प्यायलं. शेंदराची खूण कुणी ओलांडली नाही.

आषाढात बोटुकली बाहेर काढली तेव्हा दाभोश्याकडचे शेतकरी टेंपो घेऊन आले होते. पाण्यानं फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पिल्लं चमकत होती. जाईबाई पिशवीचं तोंड बांधताना प्रत्येकाला दटावत होती, "तुमचा पंप कसा हाये? फुटबॉलला काय लावलाय? नाय लावला? मंग देत नाय!" आणि खरंच एकाला तिनं परत पाठवलं. तो थेट माझ्या दुकानात आला. त्यानंतर बुधामामाला टोपल्यांची कामं इतकी आली की डोकरा म्हणतो, मासे धरायची विणायला सवडच नाही. हे मात्र मला खटकतं. ओहोळातल्या माशांना आनंद झाला असेल, पण ती जुनी टोपली विणणारा त्याच्यामागे कोणी नाही. मी त्याला सांगून ठेवलंय, वर्षाला एक तरी सरळ तोंडाची विण, नाहीतर हात विसरतील. तो म्हणतो, "हात नाय इसरत. मागं बघितलास ना?"

पुतण्या म्हणतो, काका, यात आपल्या दुकानाचं काय झालं? बरोबर आहे त्याचं. पिल्लू वाचलं की पंपही वाचतो, आणि पंप वाचला की मिस्त्रीचा धंदा बसतो. असा उफराटा धंदा मी म्हातारपणी करून ठेवला.

गेल्या मार्गशीर्षात मी पंपाची देखभाल करायला त्या पाड्यावर गेलो. या महिन्यात तिथं जायचं म्हणजे मला नेहमी उदास वाटायचं. दारांना काटेरी फांद्या, अंगणात गवत, कुत्रीसुद्धा ट्रकमागून गेलेली. मी जीपमधून उतरलो आणि सवयीनं मान खाली घालून चालायला लागलो. तोच कुणीतरी हाक मारली. वर बघितलं तर घराघरांतून धूर निघत होता. सगळ्या नव्हे, काही दारांना अजून फांद्या होत्याच. पण पांडूच्या घराला नव्हती, त्या 'मासं मोठं का मानसां' वाल्याच्याही नव्हती, आणि शाळेकडून पोरांचा पाढे म्हणायचा कलकलाट येत होता. जाईबाई दारात उभी होती, हात लुगड्याला पुसत.

"काय बघताय दादा? या ना. घरातच हाये मानसां."